तिसऱ्या बेसजवळचा वॉल्टर

ब्रॅनिगन पार्क पाडायचं ठरलं, तेव्हा अख्ख्या गावाला त्याचा उमाळा आला. एरवी पाच-पाच वर्षं इकडे कुणी फिरकत नव्हतं. शेवटच्या सामन्याला मात्र लोक पाने-पक्कड घेऊन आले आणि खुर्च्या उचकटून घरी नेल्या. साठ वर्षांचं, लाकडी गॅलऱ्यांचं बेसबॉलचं मैदान. मालकाने संघ दुसऱ्या शहराला विकला, आता इथे मोटारी उभ्या राहणार. साठातली सत्तावीस वर्षं इथली माती मी राखली, म्हणून जरा तिखट बोलतो.

सोमवारी यंत्रं यायची होती. शनिवारी एल्सी ट्राउटमन कॉफीचा रिकामा डबा घेऊन आली. तिच्या नवऱ्याची, वॉल्टरची राख अकरा वर्षांपूर्वी मीच तिच्यासाठी गुपचूप तिसऱ्या बेसमागे, म्हणजे खेळाडू धावताना टेकतात त्या तिसऱ्या गादीमागच्या कोपऱ्यात, पुरली होती. तेव्हापासून दर सामन्याला ती तिथल्या कठड्याशी बसायची आणि त्याच्याशी बोलायची.

"एमेट, तेवढा वॉल्टर काढून दे रे बाबा. मोटारींखाली नको. ट्रॅफिकला फार शिव्या द्यायचा तो."

राख पुरल्याच्या तिसऱ्या वर्षी, ऐन थंडीत, पाणी तुंबतं म्हणून मालकाने तिथली माती हातभर खणून काढायला लावली होती. फावडं माझंच. त्या मातीचे ट्रक कुठे गेले, देव जाणे. सांगेन सांगेन म्हणत आठ वर्षं गेली.

तिथलीच माती डब्यात भरून दिली असती तर तिला कळलंही नसतं. दोन मुठी टाकल्याही मी. मग हात चालेना.

"एल्सी, तो इथे नाहीये गं." आणि सगळं सांगून टाकलं.

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती कठडा धरून उभी राहिली.

"मग आठ वर्षं मी बोलत कुणाशी होते?"

पाचव्या डावानंतर माती सारखी करायला मी त्या कोपऱ्यात यायचो. दंताळं मुद्दाम सावकाश फिरवायचो. तिच्या लेकीचा घटस्फोट, नणंदेच्या चुगल्या, सगळं मला पाठ होतं. रविवारी एकटीला जेवण जात नाही, असंही एकदा ती त्याला म्हणाली होती. मीही एकटाच जेवायचो.

"माझ्याशी," एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण बोललो काय, तर "बसपर्यंत सोडू का?"

"जाईन मी माझी," ती म्हणाली आणि गेली.

ती राहते कुठे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. बसते कुठे, तेवढंच माहीत होतं.