मातीची मुकी घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे, मातीची. चीनमधल्या शाओशिंग शहराच्या संग्रहालयात काचेमागे उभी असते. वर्षातून एकदा मला दुरुस्तीच्या खोलीत नेऊन पुसतात. इथले जुने कारागीर लोउ शुइगन यांनी मला शेवटचं पुसलं तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. त्यांची मुलगी आफन डबा घेऊन आली होती.

"बाबा, आधी जेवा. ही अडीच हजार वर्षं थांबलीये, अजून अर्धा तास थांबेल."

"थांबेल. तुझ्यासारखं डोकं खात नाही ती."

मग माझ्या काठावर उडालेल्या टवक्याशी त्यांचं बोट थांबलं. "आफन, ही जन्मात एकदा तरी वाजली असेल का गं?"

आफनने डब्याचं झाकण काढलं. "भात गार होतोय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना, जोडे घालता घालता, लोउ शुइगन वारले.

मित्रांनो, त्यांचा प्रश्न खरा होता. मी वाजण्यासाठी घडलेच नव्हते. तेव्हा इथे असलेल्या युए राज्यात कांसं तलवारींना हवं असे. म्हणून एका सरदाराच्या थडग्यात ठेवायला कुंभारांनी कांशाच्या घंटेसारखी हुबेहूब मातीची घंटा केली. माझ्यावर नक्षी उमटवणारी कुंभारीण हसून म्हणाली होती, "देखणी आहेस गं, पण जन्माची मुकी!"

मला पुरलं. वर राज्य बुडालं. भातखाचरं आली, कालवे आले. बैलांचे हंबरडे, वल्ह्यांचे आवाज मातीतून माझ्यापर्यंत झिरपत. सगळं जग वाजत होतं. मी ऐकत होते.

रस्ता खणताना मी सापडले, तेवीस तुकड्यांत. लोउ शुइगन यांनी दोन हिवाळे बसून मला जोडलं. बघायला येणारे लोक पलीकडच्या तलवारीपाशी गर्दी करत. ते मात्र जाता-येता माझ्याकडे बघत.

आफन आठ वर्षांची असताना, शाळेला सुट्टी होती म्हणून त्यांच्याबरोबर आली होती. ते हात धुवायला गेले आणि तिने डब्यातली भात खायची काडी माझ्यावर हळूच मारली.

टक्.

बस, एवढंच. मातीचा, बसका आवाज. पण तो माझा होता! त्याच वेळी काठाचा टवका उडाला. संग्रहालयाच्या साहेबांनी विचारलं तेव्हा लोउ शुइगन म्हणाले, "माझ्याच हातून निसटली." तीन वर्षं त्यांना दुरुस्तीच्या टेबलापाशी बसू दिलं नाही. ते तळघरात खोकी मोजत राहिले. आफनला त्यांनी कधी काही विचारलं नाही, आणि तिने कधी काही सांगितलं नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना हात लावू नका, आम्ही नाजूक असतो. आमचे तुकडे जोडणाऱ्या हातांनाही जपा. आणि मी मुकीच घडले. तुम्हाला तर बोलता येतं.

काल, वडिलांच्या मृत्यूनंतरचे सातव्या आठवड्याचे विधी आटोपून, आफन एकटीच आली. सुतकात दंडावर बांधायचं काळं फडकं अजून तिच्या बाहीवर होतं. तिने काचेला कपाळ टेकवलं.

"ताई, मागे व्हा," पहारेकरीण म्हणाली. "काचेला टेकू नका."

आफन एक पाऊल मागे झाली. दालनात शाळेची मुलं होती, बघायला आलेले लोक होते. ती मोठ्याने म्हणाली,

"वाजली होती, बाबा. मी वाजवली होती."