पाटीवर फिरणारा हात

तिसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना चपलांनी भरला होता. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, तरी पंख्याची घरघर ऐकू यावी इतकी शांतता होती. मधोमध स्टुलावर अक्षरांची पाटी. खालच्या ओळीत काना, मात्रा, वेलांट्या. पाटीपुढे चौदा वर्षांची मुलगी आणि तिचं मनगट धरून बसलेल्या पाटीताई. गेलेल्या माणसांचे निरोप पाटीवर आणतात, म्हणून सगळे त्यांना पाटीताई म्हणत.

"बाळा, आलास का?" पाटीताईंनी छताकडे बघून विचारलं.

मुलीचं बोट सरकलं. आधी ह, मग काना, मग मात्रा.

"हो म्हणाला!" शेजारच्या काकू पुटपुटल्या. आईने तोंडाला पदर लावला.

पाच महिन्यांपूर्वी या घरातला सतरा वर्षांचा मुलगा सायकलवरून जाताना ट्रकखाली गेला. त्या दिवसापासून त्याच्या धाकट्या बहिणीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. शाळा सुटली, जेवण चार घासांवर आलं. आणि आता तिच्या बोटातून भाऊ बोलत होता. 'आई, रडू नको.' 'बाबा, गोळ्या वेळेवर घ्या.' त्याच्यासाठी पुन्हा रोज ताट वाढलं जाऊ लागलं.

मी समोरच्याच दारात राहतो. चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पण पाटीवर 'सर, बसा ना' उमटलं, तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. तो मुलगा असंच म्हणायचा. जरा वेळाने मनात आलं, कुठलंही मूल असंच म्हणेल. मग मी मुलीकडे नीट पाहिलं. बोट अक्षरं शोधत होतं आणि ती मात्र खिडकीबाहेर बघत होती.

तेवढ्यात पाटीने नवा निरोप दिला. 'ताईंच्या घरी ने.'

"म्हणजे मुलीला," पाटीताईंनी उलगडून सांगितलं. "रविवारी घेऊन जाते, कायमची राहू दे माझ्याकडे. तिची लहर माझ्या लहरीशी जुळलीये. या भिंतींत लोखंड फार. लहर गंजते इथे."

लहर गंजते, हा धडा आमच्या पुस्तकात नव्हता.

मी मुलीच्या आईला स्वयंपाकघरात बोलावलं. "शाळेतल्या समुपदेशक बाईंकडे जाणार होतात ना?"

"गेले होते की. त्या म्हणतात, बोलून उपचार करायच्या तऱ्हा वेगवेगळ्या. एकीत मनात रुतलेला विचार कागदावर मांडायचा आणि तो खरा आहे का, ते तपासायचं. दुसरीत आम्ही तिघांनी एकत्र बसायचं, कारण म्हणे सगळं घरच गप्प झालंय. तिसरीत त्या दिवसाची आठवण तिला झेपेल तेवढी, हळूहळू उलगडायची. मी विचारलं, यातली हमखास कुठली? तर म्हणतात, आज नाही सांगता येणार. एकीने सुरुवात करू, दर आठवड्याला झोप, भूक, भीती यांची नोंद ठेवू, फरक नाही पडला तर तऱ्हा बदलू. म्हणजे त्यांनाच माहीत नाही, सर! पाटीताई बघा कशा छातीठोक सांगतात."

"आणि पाटी चुकली तर?"

"पाटी चुकत नाही. तो बोलतो हो माझ्याशी. तुम्ही नका ना मध्ये पडू."

पण रविवार तीन दिवसांवर होता.

बाहेर येऊन मी विचारलं, "ताई, मुलगा अक्षरं बघतो कशी?"

"बहिणीच्या डोळ्यांनी. मी नुसता हाताला आधार देते. डोळे मिटून विश्वास ठेवा, मास्तर."

"उघडे ठेवून चालतील का? म्हणजे तिला दिसेल ते तो लिहील?"

"का नाही लिहिणार?"

मी घरून जाड पुठ्ठा आणि लहान मुलांना शिकवायची चित्रं आणली. पुठ्ठा दोघींच्या मधे उभा धरला आणि एकेकीला एकेक चित्र दाखवलं. दोघींनाही मासा. चित्रं उचलल्यावर बोट फिरलं : मासा. टाळ्या पडल्या. पाटीताई माझ्याकडे बघून हसल्या.

पुढच्या वेळी मुलीला शिडी दाखवली, पाटीताईंना चावी. बोट निघालं. च, काना, व, वेलांटी.

"चावी!" पाटीताई म्हणाल्या. "चावीच होती ना?"

"तुमच्याकडे," मी म्हणालो आणि मुलीचं चित्र सगळ्यांना दाखवलं.

पुन्हा केलं. मुलीला कप, ताईंना घर. बोटाने घर लिहिलं. चौथ्यांदा ताईंना कोरा कागद दाखवला. बोट पाटीवर नुसतं घिरट्या घालत राहिलं.

"पुठ्ठ्याने लहर अडली!"

"अहो, माशाच्या वेळी नाही का अडली?" हे काकूंनी विचारलं, मी नाही.

"शिडी."

आवाज इतका बारीक होता की कोण बोललं, ते आधी कळलंच नाही. मुलीने मनगट सोडवून घेतलं होतं.

"मला शिडी दिसली होती. तो नव्हताच, आई. मला केव्हाच कळलं होतं."

"कसं गं?"

"तो गेला त्या दिवशी माझी वही शाळेत राहिली होती. ती आणायला मीच त्याला पाठवलं होतं. इतक्या वेळा आला, पण वहीचं एकदाही बोलला नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू हसायला लागली होतीस."

लोक मान खाली घालून उतरले. पाटीताई पाटी काखेत मारून केव्हा गेल्या, कुणी पाहिलं नाही. मुलीचे वडील दारात माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले, "सर, आज दुसऱ्यांदा गेला तो." ते वाक्य आजही माझ्या कानांतून जात नाही.

पाटीताई ठरवून फसवत होत्या का, मला सांगता येणार नाही. दोऱ्याला अंगठी बांधून चिमटीत धरा आणि हात न हलवता मनात 'गोल फिर' म्हणा. अंगठी फिरू लागेल. मनातल्या विचाराने स्नायू आपल्या नकळत हलतात. दुसऱ्याचं मनगट धरलं की तेच होतं : विचार आपला, बोट त्याचं. मुलीला घेऊन जायचा निरोपही धरणाऱ्या हातातूनच आला होता.

मुलगी बरी झाली नव्हती. त्यानंतर ती आठवडाभर पुन्हा गप्प होती. समुपदेशक बाईंनी पहिल्या तऱ्हेने सुरुवात केली. 'मीच त्याला मारलं' हा विचार तिने कागदावर लिहिला. पाच आठवड्यांच्या नोंदीत झोप सुधारली, भूक नाही. मग बाईंनी आईवडिलांनाही सोबत बसवलं. वहीची गोष्ट तिघांनी मिळून बोलायला आणखी तीन बैठका गेल्या. आता ती शाळेत जाते. काही दिवस चांगले जातात, काही नाही.

'मला आज माहीत नाही, पण चुकलं तर कळेल अशी सोय करू,' असं म्हणणाऱ्या माणसाला आपण कच्चा समजतो आणि कधीच न चुकणाऱ्याच्या हाती आपलं लेकरू देतो. म्हणून एवढंच सांगतो. गेलेल्या माणसाचा निरोप कुणी आणला, तर खुशाल रडा. पण रडून झालं की विचारा, हे खोटं असतं तर आपल्याला कळलं कसं असतं? आणि घरात एखादं मूल गप्प झालं असेल, तर त्याच्या तोंडून कोण बोलतंय हे शोधत बसू नका. त्याला स्वतःला काय म्हणायचंय, ते विचारा आणि उत्तर येईपर्यंत जवळ बसा.