नावापुरती आई

अर्केडियाच्या डोंगरातलं त्रापेझूस चार-पाचशे उंबऱ्यांचं, पण आपला कारभार आपणच करणारं. शेजारच्यांनी नवं मोठं शहर वसवायला घेतलं आणि सगळ्यांनी घरं सोडून तिथं राहायला यावं, असं फर्मान काढलं. त्रापेझूस ऐकेना. शेवटी हत्यारं निघाली, आणि मिर्तिसचा एकुलता एक मुलगा त्यात गेला.

उरलेल्या लोकांनी पूर्वेच्या काळ्या समुद्राची वाट धरली. तिकडेही एक त्रापेझूस होतं म्हणे. मिर्तिसला मुलाचं थडगं सोडवत नव्हतं. पण सून फिलो पोटुशी होती. तिला एकटी कशी धाडणार?

गलबत किनाऱ्याला लागलं तर सगळं गाव पुळणीवर उभं. ‘हाकलायला आलेत,’ मिर्तिसच्या मनात आलं. तेवढ्यात एक जाडजूड कोळीण गुडघाभर पाण्यात शिरली आणि तिनं मिर्तिसचा हात धरला.

“आलात बाई! आमच्या आईच्या गावची माणसं!”

“कसली आई?” मिर्तिस म्हणाली. “तुमचं गाव आहे, हे आम्हाला आत्ताआत्तापर्यंत ठाऊकसुद्धा नव्हतं.”

फिलोनं मागून कोपर मारलं. “आई, गप्प बसा ना!”

कोळीण खदखदून हसली. तिचं नाव कॅलो. “निम्मं गाव म्हणतं, आमचं गाव सिनोपी शहरानं वसवलं, तीच आमची आई. निम्मं म्हणतं, आई ती डोंगरातली, आमच्याच नावाची. मी तुमच्यापायी एवढी भिजले, आता व्हाच आमची आई!”

कॅलोनं दोघींना घरी नेलं, तळलेली मासळी पुढ्यात ठेवली. डोंगरात असलं कधी न खाल्लेली मिर्तिस माशांच्या डोळ्यांकडे बघत बसली.

“तुम्ही म्हणे ओकाची फळं खाता, डुकरांसारखी?” कॅलोनं विचारलं.

“आम्ही भाजून खातो. कच्ची डुकरांना.”

“बोलते की म्हातारी!” कॅलो खूश झाली.

द्राक्षं उतरवायच्या दिवसांत फिलो बाळंत झाली. मुलगी. नातू होईल, त्याला गेलेल्या मुलाचं नाव देऊ, असं मिर्तिसनं मनाशी धरलं होतं. कॅलोनं पोर पुसून तिच्या मांडीवर दिली. पोरीनं जांभई दिली, ओठ थेट बापासारखा मुडपला.

मुलगा गेला त्या दिवशी मिर्तिसच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता ती ओक्साबोक्शी रडायला लागली. कॅलो शेजारी टेकली, आणि आपला खरखरीत हात तिच्या पाठीवरून फिरवत राहिली.