आगबोटीच्या कार्डाचं रक्त

भर दुपारी पडदे ओढून घेतलेल्या त्या दिवाणखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. जो तो घरातली जुनी पोस्टकार्डं घेऊन आलेला, कुणी रुमालात, कुणी बिस्किटांच्या डब्यात. समोर टेबलावर नितळ पाण्याचं काचेचं भांडं आणि त्यामागे पत्रबाबा.

"मेलेला माणूस कुठे जातो?" बाबांनी विचारलं आणि उत्तरही आपणच दिलं. "कुठ्ठे जात नाही! लिहिलेल्या शब्दांत अडकून बसतो. पत्ता चुकलेला आत्मा, बाळांनो! तो मोकळा होत नाही तोवर घरातलं दुखणं हटायचं नाही."

मग ते एकेक कार्ड पाण्याला लावू लागले. बरीचशी नुसती भिजत. एखाद्याचा कोपरा मात्र बघता बघता लाल होई आणि खोलीभर हुंदके फुटत. ते कार्ड नदीत सोडण्यासाठी बाबांच्या पिशवीत जाई. घरच्यांना हुकूम सुटे, आत्मा मोकळा होईपर्यंत औषध बंद. औषधाने म्हणे आत्मा बिथरतो.

दाराशी जुनी पोस्टकार्डं विकणारी कार्डवाली उभी होती, पण तिचं लक्ष त्या रक्ताकडे नव्हतं. पुढच्या रांगेत तिची धाकटी बहीण बसली होती आणि तिच्या मांडीवर तिची लेक छकुली. पोरीला फिट येत असत. औषध सुरू झाल्यापासून त्या थांबल्या होत्या. आणि आज छकुलीच्या पणजोबांच्या कार्डाला रक्त फुटलं होतं.

"औषध बंद करशील तर याद राख!" रस्त्यात कार्डवाली कडाडली.

"ताई, मी डोळ्यांनी रक्त पाहिलंय. तू आपला जुन्या कागदांचा धंदा कर. यातलं तुला काय कळतं?"

बोल झोंबला. पण घरी आल्यावर कार्डवाली त्याच बोलावर विचार करत बसली. जुनी कार्डं हुडकून शौकिनांना विकण्यात तिची हयात गेली होती. रक्त कोणत्या कार्डांना आलं होतं? आगबोटीच्या चित्राला, राजवाड्याच्या रंगीत छपाईला, दुर्मीळ शिक्क्याला. 'आम्ही सर्व खुशाल' लिहिलेल्या साध्या कार्डात एकही आत्मा अडकला नव्हता. मेलेल्यांनाही बाजारभाव कळायला लागला की काय! शिवाय बाबा कार्ड अलगद कडेने धरत आणि फक्त कोपरा भिजवत. इतक्या मायेने कार्ड धरतो तो फक्त विकणारा.

पुढच्याच बाजारात एका दलालाने तिच्यासमोर पणजोबांचं कार्ड टाकलं. नदीत गेलेलं! लाल रंग पार उडालेला, कोपऱ्यावर पांढरट पूड. कार्डवालीने ते औषधांच्या दुकानदाराला दाखवलं, त्याच्याकडून सगळं समजून घेतलं आणि धावत बहिणीचं घर गाठलं.

"बघितलंस?" धाकटी हात जोडून म्हणाली. "नदीने परत पाठवलं. आत्मा अजून रागावलाय, म्हणून तर औषध बंद ठेवलंय."

या डोक्यापुढे पुरावा चालणार नव्हता. कार्डवालीने आगबोटीच्या एका दुर्मीळ कार्डाची नक्कल छापून घेतली, चहाच्या पाण्यात ती जुनी केली आणि मागे थरथरत्या अक्षरात चार ओळी लिहिल्या.

पुढच्या दरबारात तिने पुढे केलेलं ते कार्ड पाहताच बाबांचे डोळे लकाकले. अंगठा कोपऱ्यावरून फिरला, कोपरा पाण्यात गेला आणि लाल झाला.

त्याच क्षणी पुढच्या रांगेत छकुलीचे डोळे पांढरे झाले आणि अंग ताठरलं. लोक किंचाळत मागे सरले.

"पाहा!" बाबा गरजले. "हे कार्ड लिहिणारा कोपलाय! पोरीला हात लावू नका!"

धाकटी जागच्या जागी थिजली. कार्डवालीने गर्दी फोडली, पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली ओढणी सारली. कुणीतरी चमचा पुढे केला. "तोंडात काही घालायचं नाही!" ती ओरडली. मग तिने बाबांकडे मान वळवली. "कार्ड लिहिणारा कोपलाय म्हणता? हे कार्ड मी लिहिलंय. याच आठवड्यात. मी काय मेलेय?"

झटके थांबले, छकुली श्वास घेऊ लागली, तेव्हा कार्डवाली उठली. औषधांच्या दुकानदाराकडून आणलेल्या पुडीतली पांढरी भुकटी तिने स्वतःच्या बोटाला लावली आणि बोट भांड्यात घातलं. बोट लालभडक.

"हे चुन्याचं पाणी. ही भुकटी प्रयोगशाळेत वापरतात, पूर्वी जुलाबालाही देत. चुन्यात गेली की लाल होते, वाळली की रंग उडतो आणि कार्ड पुन्हा विकायला मोकळं. आत्मा कसला, यांच्या अंगठ्यावरची जुलाबाची पूड आहे ती!"

बाबा पिशवी उचलू लागले. दोघांनी ती हिसकावली. आत नदीत सोडली म्हणून सांगितलेली कार्डं प्लास्टिकच्या पाकिटांत नीट लावून ठेवलेली.

"ताई, मीच केलं गं हे," धाकटी हुंदके देत होती.

"रडायला नंतर वेळ आहे. आधी दवाखान्यात चल."

पोरीला खांद्यावर घेऊन कार्डवाली दारापर्यंत आली, तेव्हा एका म्हाताऱ्याने तिची वाट अडवली. हातात पिशवीतलं एक कार्ड होतं. "माझ्या बायकोच्या हृदयाच्या गोळ्या आम्ही बंद केल्या होत्या," तो म्हणाला.

"आजपासून सुरू करा, आजोबा. आत्ता डॉक्टरकडे न्या त्यांना."

"आता कुणाला नेऊ? ती गेली," म्हातारा म्हणाला. तो कार्डाचा कोपरा बोटाने पुसत राहिला.

कार्डवाली सगळ्यांकडे वळून म्हणाली, "पाणी लाल झालं, तर पाण्यात काय आहे ते विचारा. आणि कुणी औषध सोडा म्हणालं, तर त्यात त्याचा काय फायदा ते विचारा. हात जोडते तुम्हाला, घरातलं माणूस जायच्या आधी विचारा."