जयाक्कांचे दीडशे कोस

मित्रांनो, निपाणीच्या शाळेत कपाटावर धूळ खात बसलेला मी एक जुना पृथ्वीगोल आहे. कागदाच्या लगद्याचं माझं अंग, वर नकाशाच्या पट्ट्या डकवलेल्या. उमेदीची वर्षं पद्मराज गुरुजींच्या टेबलावर गेली. मुलं मला गरगर फिरवायची, गुरुजी ओरडायचे. मला मात्र ते फिरणं आवडायचं.

एकदा जयाक्का शाळेत आल्या. त्यांनी दिग्व्रत घेतलं होतं. कुठल्या दिशेला किती दूर जायचं, याची मर्यादा जैन माणूस या व्रतात स्वतःच ठरवतो आणि जन्मभर पाळतो. जयाक्कांची पूर्वेची मर्यादा सरळ दीडशे कोसांची. लेक कांता हैदराबादेपलीकडच्या गावी दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरनं तिला प्रवासाला मनाई केली होती. आईचा जीव टांगणीला लागला होता; लेकीचं गाव मर्यादेत बसतं का, हेच विचारायला त्या आल्या होत्या.

गुरुजींनी पुस्तकात रेखांश पाहिले. गाव निपाणीच्या पूर्वेला साडेचार अंशांवर. अंशाला एकोणसत्तर मैल, दोन मैलांचा कोस. उत्तर आलं एकशे पंचावन्न.

"पच्छिमेचं पाच कोस काढून पूर्वंला जोडा की, जयाक्का."

"तसं क्येलं तर व्रत मोडलंच की, गुर्जी." डोळे पुसत त्या गेल्या.

मला गुरुजींचा भारी राग आला. अहो, माझ्याकडे बघा तरी! संध्याकाळी मला उचलताना त्यांची दोन बोटं माझ्या दोन रेखांशांवर पडली, सहज वर सरकली आणि ध्रुवाशी एकमेकांना चिकटली. गुरुजींनी कपाळावर हात मारला. एकोणसत्तर मैल हे अक्षांशाच्या अंशाचं माप, ते सगळीकडे जवळपास सारखं. रेखांशांमधलं अंतर मात्र विषुववृत्तापासून दूर जावं तसं कमी होतं. निपाणीजवळ ते अंशाला सहासष्ट मैलच भरतं.

मला काखोटीला मारून ते जयाक्कांच्या दारात हजर. "दीडशेच्या आतच हाय गाव!"

"मला जायाचंय म्हणून कमी क्येलं न्हाई न्हवं?"

गुरुजींनी मला पुढं केलं. जयाक्कांनी दोन बोटं ठेवली, वर सरकवली. पुन्हा एकदा सरकवली. मग उठून त्या पिशवी भरू लागल्या.

कांताला मुलगी झाली. गावाच्या पूर्वेला ओढा होता, तो म्हणे जयाक्कांनी एकदाही ओलांडला नाही.

पुढं गुरुजी दर वर्षी प्रत्येक मुलाला माझ्यावरून बोटं सरकवायला लावत. ते गेले आणि भिंतीवर मोठा नकाशा आला. त्यात सगळे रेखांश सरळ उभे, सारख्या अंतरावर. मी कपाटावर गेलो.

मित्रांनो, कधी मला खाली काढलंत तर पुसा, माझा वाकलेला कणा नीट करा. पण निपाणीपासून ध्रुवापर्यंत दोन रेघांचा रंग उडालाय, तो पुन्हा भरू नका. त्या वाटेनं एक आई लेकीकडे पोहोचली आहे.