रिकामी लेन

पिवळ्या रबरी टोपीची एक कड दातांत धरलेली, दुसरी उजव्या हाताने खेचलेली... फिरकी टोपी डोक्यावर चढवत होती, पण एकाच हाताने. टोपी सटकली, पुन्हा दातांत गेली, पुन्हा खेचली गेली. डावा हात तेवढा वेळ मांडीवर नुसता पडून होता, दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.

तिची प्रशिक्षिका कपडे बदलायच्या खोलीच्या दारात उभी होती, गळ्यात स्टॉपवॉच, हातात दुपारच्या शर्यतींचा कागद. वीस वर्षं पोरांना पोहायला शिकवण्यात गेली होती; रबरी टोपी दोन हातांनीही धड बसत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण सकाळच्या फेरीत दोनशे मीटर बटरफ्लायमध्ये फिरकी सगळ्यांत पहिली आली होती, दोन मिनिटं एकवीस सेकंद. अंतिम शर्यत चार वाजता. पहिल्या दोघी राष्ट्रीय शिबिराला जाणार, आणि तिच्या हाताखालचं एकही पोर आजवर तिथे गेलं नव्हतं. एकही.

"दुखत नाही ना गं?" तिने विचारलं.

"नाही ताई."

"शहाणी."

आणि ती तिथून निघालीसुद्धा. ओल्या फरशीवरून जपून पावलं टाकत, क्लोरीनचा वास नाकात भरून घेत, पंचांच्या टेबलाकडे... आणि बोळाच्या मधोमध थबकली. दुखत नाही ना. हा काय प्रश्न झाला? यात उत्तर आधीच भरून ठेवलेलं, समोरच्याने फक्त मान हलवायची. आपण असं कधी विचारतो? पोरांना तर कधीच नाही. पोरांना आपण विचारतो, कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, दाखव. मग हे वाक्य आलं कुठून? आणि त्यातला तो 'गं'... तो लाडाचा, किंचित घाईचा 'गं'...

सरांचा होता तो.

ती पंधरा वर्षांची होती. असाच तलाव, अशीच दुपार, हीच शर्यत. सर तिच्यापुढे उकिडवे बसून म्हणाले होते, "दुखत नाही ना गं?" आणि ती "नाही सर" म्हणाली होती, कारण सरांना तिच्याकडून 'नाही'च वदवून घ्यायचं होतं... नाही, असं कसं? सरांना काही माहीतच नव्हतं. खांदा तीन आठवडे दुखतोय हे तिने आईलासुद्धा कळू दिलं नव्हतं. ती जिंकली, आणि त्यानंतर पुन्हा कधीच पोहली नाही. दोन शस्त्रक्रिया झाल्या, तरी तिचा डावा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. "सरांना कळलं असतं ना, तर त्यांनी मला पाण्यात उतरूच दिलं नसतं", हे वाक्य तिने डॉक्टरांना सांगितलं होतं, लग्नाआधी नवऱ्याला सांगितलं होतं, पस्तीस वर्षं ज्याला त्याला सांगितलं होतं. त्या वाक्याच्या आधारानेच तर ती परत तलावाकाठी उभी राहिली होती.

पण आज सकाळी ती काठाच्या कोपऱ्यावर उभी होती, जिथे सर उभे राहायचे अगदी तिथेच, आणि तिला फिरकीचा डावा हात दिसला होता. पाण्याबाहेर येताना उजव्यापेक्षा बोटभर खाली राहणारा, पाण्यात शिरताना बाहेर फाकणारा. तिसऱ्या फेरीपासून स्पष्ट दिसत होता. त्या जागेवरून तो न दिसणं शक्यच नाही. आंधळ्यालाही दिसेल.

आणि पस्तीस वर्षांपूर्वी, तिची शर्यत संपल्यावर... तिला काठावर चढता येत नव्हतं, सर वाकले होते, तिला हात दिला होता. तिचा डावा हात त्यांच्या अगदी जवळ होता. तो सोडून, पार वळसा घालून, त्यांनी तिचा उजवा हात धरला होता. आणि केवढ्या मायेने वर ओढलं होतं! ही आठवण तिने जपून, पुसून ठेवली होती. माया! त्यांनी डावा का नाही धरला?

सर वर प्रेक्षकांत बसले होते. तिनेच गाडी पाठवून बोलावलं होतं: सर, माझी पोरगी बघायला या. ऐंशी उलटलेले, मफलर गुंडाळून बसलेले. ती पायऱ्या चढून गेली तेव्हा ते खुशीत होते.

"तुझी ती फिरकी म्हणजे बिजली आहे बिजली! तुझीच आठवण झाली. दोन अठ्ठावीस पॉइंट चार. बघ, अजून पाठ आहे मला."

"सर, तेव्हा माझा खांदा दुखत होता."

"हं?"

"शर्यतीच्या आधीपासून. तुम्हाला दिसलं होतं का?"

सरांनी पाण्याकडे पाहिलं. खाली कुणीतरी लेनची दोरी ताणून बांधत होतं. मफलरचं टोक त्यांनी उगाच बोटांत धरलं, सोडलं.

"तू जिंकलीस ना," ते म्हणाले. मग, "पोरीला सांग, शेवटच्या फेरीत मान वर काढू नकोस."

बस्स. त्यांना आठवत नव्हतं, की आठवत होतं? तिने खूप वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. म्हातारा चेहरा, त्यात काही म्हणता काही वाचता येईना. ती पायऱ्या उतरून खाली आली.

नाव मागे घ्यायला दहा मिनिटं उरली होती.

फिरकी बाकावर बसली होती, शेजारी तिचे वडील. ते वेल्डिंगचं काम करायचे. आज पाळी बदलून आले होते, हातावर ठिणग्यांचे बारीक डाग.

"कुठे दुखतंय?" तिने विचारलं.

फिरकीने वडिलांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"कधीपासून?"

"...दोन-तीन आठवडे. पण मला पोहायचंय ताई. मला कळतंय काय होईल ते. चालेल मला."

"हात वर कर."

हात निम्म्यावर जाऊन थांबला. फिरकीने ओठ चावला. डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज नाही काढला. वडील उठून उभे राहिले. "अगं, बोलली नाहीस ते!" ते पुटपुटले. मग तिच्याकडे वळले. "मॅडम, आजच्यापुरतं... म्हणजे एकदाच पोहली तर? एवढी वर्षं पोर पहाटे उठतेय हो."

काय सांगणार? तिला माहीत होतं, कदाचित काहीही होणार नाही. फिरकी जिंकेल, महिनाभर शेकेल, बरी होईल. सगळ्यांचे खांदे काही तुटत नाहीत. आणि पस्तीस वर्षांपूर्वी सर म्हणाले असते, "तू उतरायचं नाहीस", तर? मी त्यांना माफ केलं असतं? जन्मात केलं नसतं. म्हटलं असतं, या माणसाने माझं वाटोळं केलं.

"नाही," ती म्हणाली.

पंचांच्या टेबलावर तिने नाव मागे घेतल्याचा कागद भरला. सही करताना तिने मान वर करून प्रेक्षकांकडे पाहिलं. एकदाच, पण पाहिलं.

राखीव मुलगी सकाळीच घरी निघून गेली होती, म्हणून फिरकीची चौथी लेन रिकामीच राहिली. शिट्टी झाली, सात मुली झेपावल्या, आणि दोन्ही बाजूंच्या लाटा त्या रिकाम्या पाण्यात येऊन एकमेकींवर आदळत राहिल्या. दोनशे मीटर. तिने सवयीने स्टॉपवॉच दाबलं होतं. फिरकी तिच्या शेजारी उभी होती, अंगात जाकीट, टोपी अजून डोक्यावर. पहिली आलेली मुलगी काठाला टेकली तेव्हा फलकावर आकडे उमटले: दोन तेवीस.

"मी जिंकले असते," फिरकी म्हणाली.

"हो."

"दोन सेकंदांनी."

"हो."

फिरकी थांबली. ताई पुढे काहीतरी बोलतील, समजावतील, आणि मग त्यांच्याशी भांडता येईल, म्हणून थांबली असावी. समजावणं तयारच होतं: तू तेराचीच आहेस, पुढचं वर्ष आहे, डॉक्टर, व्यायाम... सगळं खरं होतं. पण ते ओठांवर येईना, कारण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी टोचत होतं. सही करताना मी वर का पाहिलं? हे हिच्या खांद्यासाठी केलं, की सरांच्या नाकावर टिच्चून? आणि तसं असेल, तर पोरीच्या शर्यतीवर माझा काय हक्क होता? तिने प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. दोन्ही गोष्टी इतक्या एकमेकींत मिसळल्या होत्या, की कुठली कुठे संपते ते हाती लागेना.

वडील पलीकडे पिशवी भरत होते, नको तितका वेळ लावून. फिरकीच्या नाकपुड्या थरथरत होत्या. तिने जबडा इतका घट्ट आवळला होता की गालावरची शीर उडताना दिसत होती. ती गेली नाही. आणि जवळही आली नाही.

ओरड, ती फिरकीकडे बघत मनात म्हणत होती. ओरड गं. काय वाट्टेल ते बोल मला, सगळ्यांसमोर बोल. मला बोलता आलं नव्हतं कधी... मी हलत नाही इथून.