बुधरीच्या सीटखालची बॅटरी

"काळी आधी," इसरू म्हणाला. "लाल मागून. नाईतर पाना बॉडीले लागला का फटाका."

पाना हातात घेऊन तो जीपच्या मागच्या दारातून आत वाकला आणि तसाच थांबला. बाकाशेजारी बांबूची टोपली होती. घट्ट विणीची, झाकणाची, माहूलवेलीच्या दोराने बाकाच्या पायाला बांधलेली. झाकण उघडलं तर आत बॅटरी. एका बाजूचा बांबू ॲसिडने काळा पडून भुसभुशीत झाला होता.

"हे कोनं केलं, लालसूभाऊ?"

"झिंगूनं विणली. बांधली म्या."

"बॅटरी हाये का कोंबडी? अंडे देत होती का?"

लालसू हसला नाही. इसरूने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि काळी तार सोडली.

*

धानोऱ्यात इसरूचं दुकान म्हणजे एक टपरी आणि समोर करंजाची सावली. त्या सावलीत उभी असलेली जीप लालसू चालवायचा, पण ती लालसूची नव्हती. गावाची होती. ग्रामसभेने बांबूच्या पैशातून जुनी घेतली होती, दवाखान्यासाठी. गावात फोन लागत नाही, आणि लागला तरी गाडी बाहेरून यायची वाट बघत बसावं लागतं, म्हणून.

लालसूने तिच्यातून सापाचे, तापाचे, अडलेले कितीतरी लोक घाट चढवून आणले. पावसाळ्यात आणि थंडीत जीप बरी चालायची. उन्हाळा लागला की घाटातल्या एकाच वळणावर तिचं पाणी उकळायचं. बोनेटमधून वाफ, मग थांबायचं, थंड होऊ द्यायचं, कॅनमधलं पाणी ओतायचं, निघायचं.

मागच्या उन्हाळ्यात बाकावर दीपिका होती. लालसूची लेक.

इंजिन थंड होईपर्यंत तिथेच झालं सगळं. मुलगा होता. रडला नाही.

*

वळणावर मोहाचं एक झाड आहे. अंगावर पिणारं लेकरू गेलं तर त्याला मोहाखाली ठेवतात, मोह त्याला पाजतो, असं जुनी माणसं सांगतात. लालसू दीपिकाला घेऊन पुढे दवाखान्यात गेला. बुधरी, त्याची बायको, मागे राहिली. तिने आणि बरोबरच्या बायांनी काय केलं ते लालसूने पाहिलं नाही. परतताना माती ओली दिसली, एवढंच.

त्यानंतर जीप तिथे थांबली की बुधरी कॅनमध्ये उरलेलं पाणी मोहाच्या बुंध्याशी ओतायची. मग बाकीच्या बायाही ओतू लागल्या. त्या एका मोहाखालची फुलं कोणी वेचत नाही.

*

आता दीपिका पुन्हा बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचा नवरा अंकुश कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात, सुट्टी मिळाली की येणार होता. आल्या दिवशीच तिने आईला सांगितलं होतं, चालत जाईन पण त्या जीपमध्ये बसणार नाही. बुधरीने हे लालसूला सांगितलं. लालसू दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला गेला आणि मोठा रेडिएटर, वर एक विजेवर चालणारा पंखा घेऊन आला.

पंखा बसेना. त्याच्या जागेत बॅटरी होती. मग गावात बांबू विणणाऱ्या झिंगूची टोपली. पहिल्याच नाल्यात जीप आदळली, टोपली कलंडली, झाकण उघडलं आणि लाल टोक बाकाच्या लोखंडाला टेकलं. ठिणगी उडाली, तार वितळली. जीप रिकामी होती म्हणून बरं.

इसरूने सगळं ऐकून घेतलं. मग कागद न घेता, मातीत काडीने रेघा ओढून सांगितलं. पुढच्या डाव्या सीटखाली लोखंडी ट्रे. ट्रे फरशीला चार बोल्टने कसायचा, बॅटरी ट्रेला पट्टीने. जाड तार. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, म्हणजे पुढे कुठे तार घासली तर आग लागायच्या आधी फ्यूज जाईल. तार पत्र्यातून जाईल तिथे रबराची कडी. बोलता बोलता त्याने हातातलं गिरमिट सीटखाली नेलं.

लालसूने गिरमिटावर हात ठेवला.

"विचारा लागन."

"कोनाले?"

"गावाले."

"एका भोकासाठी?"

"चार म्हनलास ना तू."

इसरूने कपाळावरचा घाम पुसला. गाडी सगळ्यांची, तर पत्राही सगळ्यांचा. त्याने गिरमिट, तारा, रबर, पट्टी पोत्यात भरली. ट्रे वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. तोवर त्याने जीपची बॅटरी तात्पुरती डाव्या सीटपुढे मोकळ्यावर ठेवून तिला टायरच्या ट्यूबने करकचून बांधलं, टोकांवर रबर चढवलं आणि स्वतः तिच्यावर दोन्ही पाय रोवून बसला. असा तो गावात पोचला.

*

बैठक गोटुलात, गावाच्या सामायिक घरात, बसली. इथे हात वर करून मोजत नाहीत. एक माणूस जरी नाही म्हणाला तरी पुन्हा बसायचं, सगळ्यांचं हो येईपर्यंत.

पहिला झिंगू बोलला, नेहमीच्या खणखणीत आवाजात. टोपली चांगली होती, बॅटरीच हलकट निघाली, असं त्याचं म्हणणं. मग कोणी म्हणालं, मागच्या बाकाखाली एवढी जागा आहे, तिथे ठेवा. इसरू म्हणाला, चार्ज होताना बॅटरी वायू सोडते, तो ठिणगीला पेटतो, आणि तुमची अडलेली बाई त्याच बाकावर झोपते. मग टपावर. टपावर म्हणजे उन्हात शिजवायची का तिला, इसरूने विचारलं, आणि पोरी हसल्या. मग ड्रायव्हरच्या सीटखाली. तिथे डिझेलची टाकी. एका म्हाताऱ्याने गोंडीत काही म्हटलं, लालसूने ते इसरूला मराठीत सांगितलं : जी वस्तू कुठेच ठेवता येत नाही ती आणलीच कशाला.

उरली डावी सीट. ती बुधरीची. गावातली कोणतीही बाई दवाखान्यात निघाली की बुधरी बरोबर जायची, आणि तिचं गाठोडं त्या सीटखाली असायचं. धुतलेली लुगडी, लहान दुपटी. जीप आल्या दिवसापासून तिथेच.

सगळे बुधरीकडे बघू लागले.

"गाठोडं मांडीवर घेईन मी," बुधरी म्हणाली. "मले किती जागा लागते."

झिंगूने अजून मान हलवली नव्हती. त्याचं हो आलं नव्हतं. इसरूच्या ते लक्षात आलं. तो म्हणाला, ती टोपली मला हवी. फुटका भाग दुरुस्त करून दे, पाने-पक्कड ठेवायला एवढी पक्की वस्तू माझ्या दुकानात नाही.

झिंगूने बराच वेळ तंबाखू मळली. "झाकण नवं करून देतो," तो म्हणाला. म्हणजे हो.

तेव्हा मागून दीपिका उठली. भिंतीला धरून.

"घाटात थांबन काय ते?"

लालसू खाली बघत होता. इसरूला हो म्हणणं सोपं होतं.

"बॅटरीपाई नाई थांबनार," तो म्हणाला. "पंख्यापाई नाई थांबनार. बाकी गाडी जुनी हाये, बाई. खोटं काऊन बोलू."

दीपिका बसली.

*

चार भोकं. ट्रे. पट्टी. बॅटरीवर जाड झाकण, झाकणातून एक नळी, नळीचं तोंड फरशीतल्या जुन्या भोकातून बाहेर, खाली रस्त्याकडे. वायू बाहेर गेला पाहिजे, आत बसणाऱ्याच्या नाकात नाही.

झाकण लावण्याआधी इसरूने सीट जागेवर बसवली आणि बुधरीला बोलावलं.

"बसा, बाई."

ती बसली. इसरू जमिनीवर आडवा होऊन सीटखाली बघत होता. स्प्रिंग दबून टोकांना लागते का, ते.

"आता जोरानं बसा. नाल्यात आदळल्यासारक्या."

बुधरीने पदर तोंडाला लावला आणि दोनदा आदळली. पोरं गोळा झाली. कोणीतरी म्हणालं, बुधरीबाई अंड्यावर बसली. इसरू खालून ओरडला, लागत नाई, बरीच जागा हाये.

"लाल आधी," तो उठून म्हणाला. "काळी शेवटी."

लालसूने काळी तार स्वतः कसली.

*

इसरूला सोडायला भर दुपारी निघाले. मुद्दाम. मागे धानाची पोती आणि त्यांवर माणसं.

घाट. पहिलं वळण. इंजिनचा ताप दाखवणारा काटा जागेवर. मोहाच्या वळणावर लालसूचा पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि त्याने तो उचलून घेतला. पंखा गुरगुरत होता. मोह मागे गेला.

धानोऱ्यात उतरल्यावर इसरूने फरशीवर, सीटखाली, तारेवर हात फिरवला. कुठे गरम नाही. त्याला आनंद झाला होता, चहा सांगितला. बुधरी जीपमध्येच बसून होती. तिचं लक्ष दाराशी टांगलेल्या कॅनकडे होतं.

कॅन भरलेला होता.

*

दीपिकाला कळा सुरू झाल्या तेव्हा सकाळचं जेवण चालू होतं. बाहेर ऊन चढलेलं. लालसूने जीप अंगणात आणून बाकावर गोधडी घातली आणि लांब उभा राहिला. तिला काही म्हणायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

ती आली. बाकाकडे गेली नाही. पुढचं डावं दार उघडून बुधरीच्या सीटवर बसली, बॅटरीच्या वर. बुधरी गाठोडं घेऊन मागे चढली. झोपून जा, ती म्हणाली, पण दीपिकाने ऐकलं नाही. तिला काटा दिसायला हवा होता.

रस्ताभर तिने दुसरीकडे पाहिलं नाही. कळ आली की डोळे मिटायची, उघडले की पुन्हा काटा. लालसू झाडं बघत होता, चढ बघत होता. सगळ्या जंगलात मोहाचा वास होता.

वळण आलं. त्याचा पाय पुन्हा हलला.

"बाबा," दीपिका म्हणाली, काट्यावरची नजर न काढता. "थांबू नोको."

तो थांबला नाही. मागे बुधरीने मान वळवून बाहेर पाहिलं असेल. लालसूने आरशात बघायचं टाळलं.

*

मुलगी झाली. तिचं रडणं दवाखान्याच्या व्हरांड्यापर्यंत आलं. बुधरी बाहेर आली, दाराच्या चौकटीला टेकली आणि म्हणाली, आवाज झिंगूवर गेलाय. मग आत गेली. तिला दीपिकाजवळ राहायचं होतं.

लालसू एकटाच परत निघाला. वाटेत इसरूच्या टपरीसमोर हॉर्न वाजवला. इसरू नव्या झाकणाच्या टोपलीतून पक्कड काढत होता. लालसूने नुसता हात वर केला. इसरूनेही हात वर केला.

ऊन उतरलं होतं. परतीला उतार, जीप हलकी. काटा खालीच होता. मोहाच्या वळणावर लालसूने ब्रेक दाबला, जीप कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

बोनेटवर हात ठेवला. हात टिकला.

त्याने कॅन काढला. खाली फुलांचा थर पडला होता, कोणी न वेचलेला, काही फुलं वाळून तपकिरी झालेली. तो बुंध्याशी उकिडवा बसला आणि कॅन हळूहळू वाकडा केला. पाण्यावर फुलं थोडी सरकली आणि थांबली. एवढं पाणी आजवर तिथे कधी उरलं नव्हतं. माती पीत गेली, त्याने घाई केली नाही.

मग रिकामा कॅन घेऊन तो नाल्याकडे उतरला. भरून आणला, दाराशी होता तिथे टांगला आणि चावी फिरवली.